सव्वाअकराचं माप

पहिल्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर माझी बॅग ठेवली होती.

आता सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र जीव जायचाच बाकी राहिला होता. तेलीबांध्याला आमचं ऑफिस आहे, त्याच्या मागच्या अंगाला एक खोली. चारी भिंती काळ्या, खिडकी नाही, पंखा नाही. बाहेर सकाळचं सव्वाअकराचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि आत इतका अंधार की डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा, सारखंच. दाराच्या फटीतून आलेल्या उजेडात मधोमध लोखंडी खुर्चीवर एक राखाडी पुतळा बसवलेला अंधुक दिसला. कपड्यांच्या दुकानात असतो तसला असेल, म्हणून मी त्याच्या मांडीवर बॅग टेकवली आणि दिव्याचं बटण चाचपायला लागले. तेव्हा पुतळा ओठ न हलवता म्हणाला, "मास्टरले हात नाही लावायचा."

मी केवढ्यानं ओरडले! पुढच्या खोलीतून मालक धावत आले. पुतळा जागचा हलला नाही. "अजून चाळीस सेकंद आहेत," एवढंच म्हणाला. आणि खरोखर चाळीस सेकंद मी आणि मालक दारात मुकाट उभे राहिलो, माझी बॅग तिथंच. मग दिवा लागला. खुर्चीवरून साठीतला, ताठ पाठीचा, गुळगुळीत डोक्याचा एक माणूस उठला, त्यानं बॅग माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आजचं माप बाद. उद्यापासून बॅग बाहेर ठेवून येत जा, पोट्टी."

हे आमचे सर. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

आमचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही कॅमेरे लावून देतो, पण फोटोचे नाही. आमच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाही, चेहरा ओळखता येत नाही. तो डोळ्याला न दिसणारा उजेड समोर फेकतो आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून सांगतो की समोरची प्रत्येक जागा माझ्यापासून इतकी इतकी लांब आहे. बस्स, त्याची अक्कल तेवढीच. समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकात आमचे कॅमेरे आहेत. पाठीचा कणा वाकलेले, बरगड्या मोडलेले लोक तिथं एका फळीला पाठ टेकून उभे राहतात, कॅमेरा त्यांचं अंग मोजतो आणि त्या मापावर त्यांचे पट्टे बनतात. पट्टा ढिला झाला तर हाड जागेवर राहत नाही, घट्ट झाला तर श्वास घेता येत नाही. पण नवा कॅमेरा कधीच बरोबर बोलत नाही. थंड असला की एक सांगतो, तापला की दुसरं. काळ्या कपड्यावर तिसरंच. त्याला ज्या वस्तूचं माप आधीच पक्कं माहीत आहे अशी वस्तू दाखवायची, तो किती चुकतो ते पाहायचं आणि तेवढी चूक त्याच्यातून वजा करायची. हे वळण लावायचं काम सरांचं, आणि मी त्यांच्या हाताखाली लागलेली.

सरांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या मापघरात गेली होती. तिथं मखमलीच्या डब्यात पोलादाचे ठोकळे असतात आणि कारखान्यातलं प्रत्येक माप त्या ठोकळ्यांशी ताडून बघतात. त्या सगळ्या ठोकळ्यांचा बाप म्हणजे मास्टर. त्याला उघड्या हातानं कोणी शिवत नाही, कारण बोटाच्या उबेनंसुद्धा तो वाढतो. सर ह्याच्यावर बोलायला लागले की तासभर थांबायचे नाहीत. लोक देवाचं बोलतात तसे ते मास्टरचं बोलायचे.

रिटायर होऊन ते आमच्याकडं आले तेव्हा ऑफिसातले लोक कॅमेरे तपासायला काळ्या-पांढऱ्या चौकटींचा बोर्ड वापरत होते. सरांनी आठ दिवस मुकाट्यानं पाहिलं आणि मालकांना विचारलं, "पट्टा बोर्डाले बांधणार आहे का तुम्ही? बोर्डाले ना घाम येत, ना त्याले कातडी. माणूस मोजाचा असंन तर कॅमेरा माणसावर लावा."

"कोणत्या माणसावर?" मालकांनी विचारलं.

"मी आहे नं," सर म्हणाले.

असे ते मास्टर झाले. खुर्ची जमिनीत बोल्टांनी गाडली. तिच्या पाठीला एक अरुंद पोलादी पट्टी, सरांची पाठ तिला टेकली की ती पूर्ण झाकली जायची. पट्टीपासून बरोबर दोन मीटरवर कॅमेरा. कपाळ, खांदे, छाती अशा नऊ ठिकाणी सरांची जाडी पितळी कॅलिपरच्या चिमट्यात धरून एकदाच मोजून घेतली आणि तो कागद काचेची फ्रेम करून भिंतीवर टांगला. त्यावर खाली लाल शाईनं शिक्का, 'मास्टर'. रोज सव्वाअकराला सर राखाडी बंडी घालून खुर्चीवर बसायचे, दोन मिनिटं हलायचे नाहीत, आकडा घेताना श्वास अर्ध्यावर रोखायचे, आणि कॅमेरा त्यांना पाहायचा. मी स्क्रीनवरचे आकडे आणि फ्रेममधले आकडे ताडायची. जमले तर रजिस्टरवर 'तपासले' लिहून माझी सही. सही नेहमी माझीच, कारण सर म्हणायचे, "मास्टर स्वतःची सही स्वतः करत नसते."

सव्वाअकराच का, तर माणूस सकाळी थोडा उंच असतो आणि दिवसभरात दबत जातो. सव्वाअकराला तो कुठं तरी ठरतो, असं सरांचं म्हणणं. आता हे कितपत खरं ते देव जाणे. पण त्या एका सव्वाअकरासाठी ह्या माणसानं आपलं आख्खं आयुष्य दावणीला बांधलं होतं. डब्यात दोनच पोळ्या, वाटीभर वरण, वाटीभर भात. लग्नाच्या पंगतीतही तेवढंच, मग वाढणारा रुसो की चिडो. एकाच कापडाच्या सहा बंड्या. आमच्या गुढियारीच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, एक टेलर होता, त्याच्याकडून मीच शिवून आणून दिल्या होत्या. दर आठव्या दिवशी डोक्यावर वस्तरा, कारण केस म्हणजे फुकटची वाढ.

त्यावरून त्यांच्या मोठ्या भावाच्या दशक्रियेची गोष्ट आहे. सगळ्या भावकीला न्हाव्यापुढं बसवलं. सरांची पाळी आली तर न्हावी हात जोडून म्हणतो, बाबूजी, उतारूँ क्या? डोकं कालच साफ केलेलं! भावकी खवळली, सुतकात आधीच वस्तरा लावला म्हणून. सर म्हणाले, "काल माझा आठवा दिवस होता. भाऊ मेला म्हणून आठवा दिवस नववा होते का?" आणि तिथून उठले ते थेट ऑफिसात, ओल्या धोतरानं, सव्वाअकराला पाच कमी असताना. बंडी घातली, बसले, आकडे जुळले. उठताना मात्र खुर्चीचा हात धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी पाणी आणलं तर म्हणाले, "नको. एक ग्लास पाणी म्हणजे पोटावर अर्धा मिलिमीटर."

बायको फार पूर्वी गेलेली. मुलगा दूर हैदराबादला, रविवारी फोन करायचा. म्हणजे ह्या माणसाकडं रोज नीट बघणारं जगात एकच होतं, ती मी. हे तेव्हा मला सुचलं नाही. आता रोज सुचतं.

पण मी तरी कोणाकडं बघत होते? स्क्रीनवरच्या माणसाकडं. तो वेगळाच प्राणी होता. राखाडी ठिपक्यांचा, डोळ्यांच्या जागी दोन खळगे. कॅमेऱ्याला फक्त पुढची बाजू दिसते, त्यामुळे माउसनं त्या माणसाला फिरवलं की पाठीमागं काहीच नसायचं. नुसतं टरफल. आतून बघितलं तर चेहरा उलटा, आत गेलेला, आणि तरी असं वाटायचं की तो बाहेर आलाय आणि आपण जिकडं सरकू तिकडं मान वळवून बघतोय. सुरुवातीला मी त्याला आतून बघायची नाही. एकदा सरांनी मुद्दाम फिरवून दाखवलं. "पाह्य," म्हणाले, "मी मेलो तं एवढाच उरीन." मी म्हटलं, सर, अभद्र काहून बोलून राहिले? तर मिस्कील हसले आणि डबा उघडला.

मी त्यांना एकदा गमतीत विचारलं होतं, "सर, कारखान्यातला मास्टर पण वर्षातून एकदा वरच्या मापघरात तपासायला पाठवत होते नं?"

"हव, पाठवत होते नं."

"मग आपल्या मास्टरचं काय?"

सरांनी रुमालानं फ्रेमची काच पुसली. "पाठवू," म्हणाले. "सध्या काम लई आहे."

मी पण हसून सोडून दिलं.

मग एका सोमवारी कॅमेरा चुकला. छातीवरचा डावीकडचा ठिपका फ्रेममधल्या आकड्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लांब दाखवायला लागला. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हो? नखाची कड. मी सरांना सांगितलं. त्यांनी कॅमेरा बंद करायला लावला, चाळीस मिनिटं तापू दिला, पुन्हा बसले. पुन्हा अर्धाच. "सरकला कॅमेरा," ते म्हणाले. "वजा कर." मी वजा केला. रजिस्टरवर लिहिलं, 'कॅमेरा सरकला, दुरुस्त केला. तपासले.' खाली माझी सही.

पंधरा दिवसांनी पुन्हा अर्धा. मग आठ दिवसांनी. कधी एक. दर वेळी लांबच, जवळ कधी नाही. एकदा मी बोर्ड काढला, अडगळीतून, जाळी पुसून, आणि लावून पाहिला. बोर्ड म्हणत होता की मूळ कॅमेरा बरोबर होता आणि आम्ही वजाबाक्या करून त्याला बिघडवला. सरांना दाखवलं तर त्यांनी बोर्डावर टिचकी मारली. "लाकूड आहे हे. पावसाळ्यात फुगलं. मी फुगत नाही." मी टेप लावला, तर म्हणे टेप उन्हानं वाढला. नवे कॅमेरे आले, तेही तितकेच आणि त्याच बाजूला चुकले. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर चूक त्यांची नसते, हे मला सरांनीच शिकवलेलं. मी ते त्यांना म्हणूनही दाखवलं. "एका लॉटचा माल आहे," ते म्हणाले.  चाळीस वर्षं मापघरात काढलेला माणूस, आणि मी कालची पोट्टी. मी वजा करत गेले, आणि तीच वजाबाकी क्लिनिकातल्या कॅमेऱ्यांतही घालत गेले.

आणि भिंत पुढं यायला लागली.

हे मी नीट सांगते, कारण ह्याच गोष्टीनं माझी झोप उडाली होती. सरांच्या मागं मीटरभर अंतरावर काळी भिंत होती. मी ज्या ठिपक्यातून जेवढं वजा करायची ते त्याच्या रेषेतल्या सगळ्याच अंतरांतून वजा व्हायचं, सरांच्याही आणि भिंतीच्याही. त्यामुळे स्क्रीनवर सर होते तिथंच राहायचे, जसेच्या तसे, फ्रेममधल्या आकड्यांबरहुकूम. भिंत मात्र दर दुरुस्तीला नखभर त्यांच्या जवळ सरकायची. खोलीत जाऊन बघावं तर भिंत जागच्या जागी. स्क्रीनवर बघावं तर आणखी जवळ. मी रोज सकाळी त्या अंधारात बसून पाहायची, पुढं न हलणारा राखाडी माणूस आणि त्याच्या पाठीमागून दबक्या पावलांनी येणारी भिंत. बाप्पा! 

"सर, भिंत पुढं येऊन राहिली," मी एकदा न राहवून म्हणाले.

"येऊ दे," खुर्चीवरून आवाज आला, ओठ न हलवता. "आपण भिंतीचे पट्टे बनवतो का?"

ह्याच दिवसांत बंड्या ढिल्या झाल्या. सर म्हणाले, कापड धुऊन धुऊन सैल पडलं. मी त्यांना आमच्या पाऱ्यातल्या टेलरकडं घेऊन गेले. टेलरनं फीत लावली, वहीत जुना आकडा पाहिला आणि म्हणाला, "बाबूजी, पहले से तो कम आ रहा है." सर त्याच्यावर असे डाफरले, "फीता देख अपना! खिंच गया है." बिचाऱ्यानं मान खाली घालून नवं माप लिहून घेतलं. मी तिथंच उभी होते, कानांनी ऐकत होते. आणि मी काय केलं? टेलरला म्हटलं, भैया, नवा फीता घेऊन टाका.

झाडूपोछाला येणाऱ्या दीदीनं मला सरळच सांगितलं. ती छत्तीसगढी बोलते, कोणाचा मुलाहिजा नाही. सर खुर्चीवरून उठून बाहेर गेले तशी ती दारातून त्यांच्या पाठीकडं बघत म्हणाली, "साहब ह दिनोंदिन सुखावत हे दीदी. कुछु बीमारी हे का?" सुखावत म्हणजे वाळत.

मी तिला आत बोलावलं. स्क्रीनसमोर उभी केली. आजचा आकडा दाखवला, फ्रेममधला दाखवला. "देखो," मी म्हटलं, "उतने के उतने हैं. एक बाल का फरक नहीं."

तिनं स्क्रीनवरच्या टरफलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मशीन कहत हे त ठीके होही," म्हणाली आणि बादली उचलून गेली. तिच्या दोन डोळ्यांनी जे फुकटात दिसलं ते मी आकडे दाखवून खोटं ठरवलं. ह्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला कधीच माफ करणार नाही, आणि कोणी करा असं म्हणतही नाही.

शेवटी क्लिनिकचा फोन आला. तिथली बाई कातावली होती. "दीदी, सबका बेल्ट ढीला आ रहा है. एक का नहीं, सबका." मी समता कॉलोनीला गेले. मापाच्या फळीला स्वतः पाठ लावून उभी राहिले, कॅमेऱ्यासमोर. कॅमेऱ्यानं सांगितलेली माझी छातीची जाडी आणि कॅलिपरनं घेतलेली, दोन्हींत अकरा मिलिमीटरचा फरक. कॅमेऱ्याच्या मते मी अकरा मिलिमीटर जास्त होते.

ऑफिसात परत आले तेव्हा दुपार होती. सर कुठं बाहेर गेलेले. मी काळ्या खोलीत पोलादी पत्रा उभा केला, टेपनं अंतर घेतलं आणि कॅमेऱ्यातल्या आमच्या सगळ्या वजाबाक्या, सात महिन्यांच्या, एकेक करून काढून टाकल्या. मग कॅमेऱ्याला विचारलं. त्यानं टेपशी मिळणारं अंतर सांगितलं. दुसरा लावला, तोही तेच. तिसरा, तेच. एकही कॅमेरा कधीच सरकला नव्हता. ते सात महिने खरं बोलत होते आणि मी रोज त्यांना खोटं बोलायला शिकवत होते.

मग चुकत कोण होतं?

उत्तर मला कळलं होतं, तरी मी स्क्रीनसमोरच्या माझ्या खुर्चीत बसून राहिले. मग रोजच्या सव्वाअकराच्या फाइली काढल्या, दुरुस्ती न केलेल्या, मूळच्या, आणि एकामागून एक चालवल्या. सात महिने मिनिटभरात. भिंत जागेवर होती, अगदी स्थिर. आणि तिच्यापुढं बसलेला राखाडी माणूस आत ओढला जात होता. छाती बसत चालली, गळ्याच्या खाली खड्डा पडला, डावी बाजू उजवीपेक्षा लवकर. तो हलत नव्हता, श्वासही रोखलेला, आणि तरी मागं मागं जात होता, पोलादी पट्टीकडं. मी ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही. दार उघडलं तर बाहेर सर उभे.

"पत्रा कोणी लावला खुर्चीपुढं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. क्लिनिकचा फोन, माझं माप, पत्रा, काढलेल्या वजाबाक्या.  "सर," म्हटलं, "कॅमेरे बरोबर आहेत. तुम्ही कमी झाले."

ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं बोर्डासारखं, फीत्यासारखं काहीतरी काढतील. नाही काढलं. "किती?" एवढंच विचारलं.

"अकरा."

"सगळीकडून?"

"नाही सर. डावीकडून जास्त."

त्यांनी आपला उजवा हात डाव्या बरगडीवर ठेवला. थोडा वेळ दाबून पाहिलं, स्वतःचं नसलेलं काहीतरी तपासावं तसं. मग म्हणाले, "मग मास्टर बाद झाला." टेबलाच्या खणातून लाल चिकटपट्टी काढली, मापघरात झिजलेल्या ठोकळ्याला लावतात तशी, आणि खुर्चीच्या पाठीला नीट, न सुरकुतता चिकटवली.

"सर, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," मी म्हटलं. रडकुंडीलाच आले होते.

"आधी कॅमेरे. लोकायचे पट्टे ढिले आहेत."

तीन दिवस. तीन दिवस त्या माणसानं मला हलू दिलं नाही. क्लिनिकातले सगळे कॅमेरे आणले, एकेक पत्र्यासमोर लावून पुन्हा सरळ केले, परत बसवून दिले. खोकला यायचा तेव्हा खोलीबाहेर जाऊन खोकायचे, कॅमेरा हलू नये म्हणून. मी भांडले, मालकांना सांगितलं, मालक भांडले. ऐकतील तर शपथ. मला त्यांचा इतका राग आला होता, इतका राग, की मी एक दिवस त्यांच्याशी बोललेच नाही. त्या एका दिवसाचंही आता वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी त्यांना घेऊन मी मोठ्या इस्पितळात गेले. डॉक्टर तरुण होते, कामात बुडालेले, पण चांगले. फोटो निघाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी काचेवर फोटो लावला तेव्हा डाव्या फुप्फुसातली गाठ मलाही दिसली. सर फोटोकडं मान तिरपी करून बघत होते, कुठल्या सुट्या भागाचा नकाशा असावा तसे.

"वजन कब से गिर रहा है?" डॉक्टरांनी मला विचारलं. "पहली बार कब लगा कि दुबले हो रहे हैं?"

मला तो सोमवार माहीत होता. रजिस्टरमधलं पान माहीत होतं, त्यावरची माझी सही माहीत होती. माझ्या तोंडातून निघालं, "एक महीना हुआ होगा, डॉक्टर साहब."

"एक महीने में इतना?" डॉक्टरांनी भुवया वर केल्या आणि काहीतरी लिहायला घेतलं.

"खोटं काहून सांगते?" सर एकदम म्हणाले. त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला. डॉक्टरांचा हात थांबला. "साहब, महीना नहीं. सात महीने, चार दिन. सोमवार था, सवा ग्यारह बजे. डावी छाती, आधा मिलीमीटर." आणि मग ते खुर्चीत पुढं सरकले, त्यांचे डोळे चमकायला लागले. "बंडी के ऊपर से, साहब! कपड्यावरून! आधा मिलीमीटर पकड़ लिया उसने पहले ही दिन. हमारे कैमरे ने. समझ रहे हैं आप?"

एवढे खूश मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. भावाच्या दहाव्याला आकडे जुळले तेव्हाही नाही. त्यांच्या हातानं वळण लावलेल्या यंत्रानं, कोणा डॉक्टरला कळायच्या कितीतरी आधी, त्यांचं मरण अर्ध्या मिलिमीटरवर धरलं होतं, आणि ते त्याचं कौतुक सांगत होते.

डॉक्टर गोंधळले. "तो फिर किसी ने ध्यान क्यों नहीं दिया?"

"दिया न," सर म्हणाले. "इसी ने देखा. मैंने ही ठीक करवा दिया."

त्यांच्या आवाजात दोष नव्हता. तेच मला सहन झालं नाही. मी तिथंच, त्या दोघांसमोर, तोंडावर हात धरून ओक्साबोक्शी रडायला लागले. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला आणि सरांना हळू आवाजात विचारलं, "बेटी हैं आपकी?"

"नहीं साहब," सर म्हणाले. "ये रोज मेरा नाप लेती थी."